मसुदेकरांचं वाक्य

व्याजबाई हे काही तिला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण तीस वर्षं एकाच विषयावर लिहीत राहिलं की माणसाचं नाव झिजत जातं आणि विषय तेवढा उरतो. तिचा विषय होता मध्यवर्ती बँकेचा व्याजदर. तो वाढला तर का वाढला, घटला तर का घटला, आणि जिथल्या तिथं राहिला तर का राहिला. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कचेरीत सगळे तिला तोंडावरसुद्धा व्याजबाई म्हणत. कोणी नवखा चुकून त्याबद्दल माफी मागायला आला तर ती म्हणायची, "बरोबरच आहे की. मुद्दल कुठं आहे माझ्यापाशी?"

वर्षातून आठ वेळा, बुधवारी, बँकेची समिती बसायची आणि दुपारी दीड पानाचं निवेदन काढायची. बाकीचे वार्ताहर त्यातला आकडा बघून फोनकडे पळत. व्याजबाई पळत नसे. ती मागच्या बैठकीचं निवेदन डाव्या हाताला ठेवायची, नवं उजव्या हाताला, आणि पोलादी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत बदललेल्या शब्दाखाली लाल पेन्सिल ओढायची. बँक शब्द उगाच बदलत नाही. मागच्या खेपेला 'महागाई चढी आहे' असेल आणि या खेपेला 'महागाई अजून चढी आहे' असेल, तर त्या 'अजून'वर लाखो घरांचे हप्ते हलतात. हे शास्त्र तिनं एकटीनं उभं केलं होतं आणि त्या दिवशी संपादकसुद्धा तिच्या टेबलाजवळून पाय न वाजवता जात.

तिच्या लेखांना वाचकांची पत्रं यायची. बहुतेक शिव्या, थोडं कौतुक, आणि वर्षाला दोनतीन पोस्टकार्डं 'एक वाचक' अशा सहीची. या एक वाचकानं तिला वीट आणला होता. तिसऱ्या परिच्छेदातली बेरीज चुकली आहे, अमुक सालचा आकडा सुधारित नाही, तमुक तक्त्यात वर्ष एक घर सरकलं आहे. आणि वाईट म्हणजे त्याचं बरोबर असायचं. "याला घरदार नाही का?" असं म्हणत ती मुकाट्यानं आकडा सुधारायची आणि कार्ड टोपलीत टाकायची.

आता तिचं गुपित. ती पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवण्याआधी, कोणी बघत नाही ना ते पाहून, निवेदनाचा शेवट वाचून घ्यायची. तिथं एक वाक्य असायचं: 'समितीला घाई नाही, मात्र उशीर होणार नाही, याची ती काळजी घेईल.' ते जागेवर दिसलं की तिचा श्वास खाली बसायचा. मग ती महागाईकडे वळायची.

ते वाक्य तिच्यासाठी होतं. म्हणजे तसं ती तेवीस वर्षं धरून चालली होती.

वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी तिनं एका निवेदनातल्या 'तूर्त' या शब्दावरून बँकेच्या प्रवक्त्याला पिडलं होतं. तूर्त म्हणजे किती दिवस? प्रवक्त्याला सांगता येईना, तेव्हा त्यानं वरच्या मजल्यावरून तो शब्द लिहिणाऱ्या माणसालाच खाली बोलावलं. एक उंच, किंचित वाकलेला गृहस्थ जिना उतरून आला आणि म्हणाला, "समितीला विचारलंत तर पुढच्या बैठकीपर्यंत. मला विचारलंत तर आत्तापर्यंतच. मला भूक लागलीय." निवेदनांचा मसुदा तोच लिहायचा. खाली नाव कोणाचंच नसायचं, त्यामुळे तिनं त्याला मसुदेकर करून टाकलं. महिन्याभरात तो तिच्या खोलीवर येऊन स्वतःच्या हातानं चहा करू लागला आणि दोन महिन्यांत त्याचे कपडे तिच्या दोरीवर वाळू लागले.

अडचण होती ती मौनाची. प्रत्येक बैठकीच्या आधी दहा दिवस बँकेच्या माणसांनी वार्ताहरांना भेटायचं नाही, बोलायचं नाही, असा बँकेचा कडक नियम. वर्षाला ऐंशी दिवस विरह, आणि तोही परिपत्रकानुसार. दोघं तो पाळत. उलट अकराव्या दिवशी दार वाजायचं तेव्हा तिला वाटायचं, असं वाट बघायला लावणारं माणूस रोज घरात असतं तर आपण त्याच्याकडे इतकं बघितलंही नसतं.

मग एका रविवारी, चहाचे कप विसळता विसळता तो म्हणाला, "लग्न करायचं तर दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागेल."

"कोणाला?"

"चिठ्ठ्या टाकू हवं तर. तू विचार कर. मला घाई नाही, पण उशीर होऊ देऊ नकोस."

त्यानंतरच्या निवेदनात शेवटी ते वाक्य पहिल्यांदा आलं. ते वाचून ती पत्रकार कक्षात इतकी खुदकन हसली की शेजारच्यानं विचारलं, महागाईत एवढं हसण्यासारखं काय आहे?

ती विचार करत राहिली. एक बैठक गेली, दुसरी गेली. नोकरी सोडायची तर कोणी, हे तिला ठरवता येईना. खरं म्हणजे आपण सोडायची नाही हे ठरलेलं होतं आणि तू सोड म्हणायला जीभ रेटत नव्हती. अशात पुढच्या बैठकीचे मौनाचे दिवस लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. मसुदेकर उंबऱ्याबाहेर उभा. आत यायला तयार नाही. नियम म्हणजे नियम.

"तो निळा शर्ट तुझ्याकडेच राहिलाय ना? बुधवारी लागेल."

"धुवायचाय अजून. धुऊन, इस्त्री करून खालच्या दुकानात ठेवते."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

एवढंच झालं. एवढ्यात दुसऱ्या कुठल्या बाईला काय दिसलं असतं? पण हिला दिसलं. त्याच्याकडे चांगला शर्ट एकच होता, तो निळा. तो घालायचा तो एकाच कामाला: गव्हर्नरच्या मागं कागद घेऊन उभं राहायला. गव्हर्नर पत्रकारांसमोर यायचे ते दर बदलला तरच. नाहीतर नुसतं निवेदन चिकटवून मोकळे. आणि त्या आठवड्यात गावातली झाडून सगळी वर्तमानपत्रं सांगत होती की दर बदलणार नाही. तिनं शर्ट धुतला, पिळला, खिडकीत टांगला. शर्ट वाळेपर्यंत बातमी लिहून तयार होती.

'बुधवारी व्याजदर वाढण्याची दाट शक्यता.' पहिल्या पानावर, ठळक, तिच्या नावानं. बुधवारी दर वाढला. संपादकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. तिथून तिचं नाव झालं ते झालंच. गव्हर्नर पत्रकारांसमोर आले तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. त्यांच्या मागं कागद घेऊन दुसराच कोणी उभा होता.

आठवड्यानं चिठ्ठी आली. 'शर्ट राहू दे. भेटू नकोस, फोन करू नकोस, माझी चौकशीही करू नकोस. तुझ्यावर राग नाही.' खाली सही नव्हती. त्याच्या लिखाणाला कधीच नसायची.

तो काही बोलला नव्हता, मी ओळखलं. हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते खरं असूनही खोटं वाटायला लागलं. आपण काय केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठ्या टाकायची वेळच येऊ दिली नव्हती तिनं.

आणि मग सहा आठवड्यांनी पुढचं निवेदन आलं, आणि शेवटी ते वाक्य जागच्या जागी होतं. समितीला घाई नाही. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तो लिहितो आहे. नोकरी टिकली आहे. रागही नाही, आणि दार लावून घेतलेलं नाही. जाहीरपणे, सगळ्या देशासमोर, पण फक्त तिला कळेल असं तो सांगतोय की थांब. ती थांबली.

वेडेपणा म्हणा हवं तर. बाई शहाणी, पण शहाण्या माणसाचा वेडेपणा सगळ्यात चिवट, कारण त्याला पुरावे सापडत जातात. तिलाही सापडले. एखाद्या निवेदनात वाक्यं आखूड असली की ती म्हणायची, दमलेला दिसतोय. एकदा 'आशादायक' हा शब्द आला तर ती चार दिवस खूश होती. स्थळं आली, एक चांगला विधुर प्राध्यापक आला, भावानं जीव तोडून समजावलं. ती म्हणाली, मला सवड नाही. राजकोषीय तुटीचे लपवलेले आकडे खणून काढणारी ही बाई, या एका माणसाची चौकशी मात्र तिनं कधी केली नाही. आपण विचारलं तर त्याच्यावर पुन्हा बालंट येईल, ही भीती. त्याचा पत्ता जुन्या दूरध्वनी पुस्तकात होता आणि तिला पाठ होता. त्या गल्लीतून ती तेवीस वर्षांत एकदाही गेली नाही.

फक्त एकदा, नऊ वर्षांपूर्वी, वाक्य नव्हतं. तिनं कागद उलटा करून पाहिला. मेला असेल? लग्न केलं असेल? विचारायची सोय नव्हती. रडता येईना म्हणून तिनं लिहिलं. 'बँकेला आता घाई झाली आहे काय?' असा हजार शब्दांचा सणसणीत लेख, एक वाक्य गळल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार गडगडला आणि गव्हर्नरना खुलासा करावा लागला. पुढच्या निवेदनात वाक्य परत आलं. त्या संध्याकाळी ती लवकर घरी गेली, कपाटातून निळा शर्ट काढला आणि त्याला पुन्हा इस्त्री केली.

गेल्या वर्षी बँकेच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या यादीत, त्याचं नाव तिला दिसलं. निवृत्तीनंतर आणखी एक वर्ष वार्ताहरांशी बोलायचं नाही, असा बँकेचा नियम. तिनं दिनदर्शिकेवर खूण केली. त्या वर्षातल्या आठही निवेदनांत वाक्य होतंच. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असतं तर ती इथंच थबकली असती: लिहिणारा घरी बसला, मग लिहितंय कोण? पण तिला वाटलं, मागं ठेवून गेलाय. माझ्यासाठी.

वर्ष संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, शर्टाची पिशवी घेऊन ती त्या गल्लीत शिरली. साधी गल्ली होती. सायकल दुरुस्तीचं दुकान, पिठाची गिरणी, एका खिडकीत वाळत घातलेल्या उशा. इतकी वर्षं ती कोणती मोठी भीती जपून होती कोण जाणे. दार एका वयस्क बाईनं उघडलं. तिनं आधी पाहुणीला न्याहाळलं, मग पिशवीला.

"तुम्हीच का त्या?" त्याची थोरली बहीण म्हणाली. "या. चहा टाकते."

तो खिडकीपाशी बसला होता. वाळला होता, उंची तेवढी उरली होती. वाटेत तिनं ठरवलं होतं की अहोजाहो करायचं.

"कसे आहात?"

"बस," तो म्हणाला. "तू अजून पट्टी वापरतेस का गं?"

झालं, अहोजाहो तिथंच संपलं. तिनं तेवीस वर्षं साठवलेली क्षमा मागितली, आणि ती मागायला मिनिटभरही लागलं नाही. तो म्हणाला, "तू हुशार होतीस. मला शर्टाची आठवण दुसऱ्या कोणामार्फत करून देता आली असती. तुला बघायचं होतं, म्हणून आलो."

"तू लिहीत राहिलास," ती म्हणाली, "त्यावरच मी दिवस काढले. ते वाक्य. दर वेळी मी आधी तेच बघायचे."

"कुठलं?"

"घाई नाही, उशीर होणार नाही."

त्यानं चष्मा काढला. हे सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि तीस वर्षं माणसांची तोंडं वाचून पोट भरणाऱ्या बाईला ते दिसू नये असं झालं नाही.

"मी निवेदन त्यानंतर लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "तुझी बातमी छापून आली त्या दिवशीच मला घरी बसवलं. चौकशी झाली. ओळखता का विचारलं, हो म्हणालो. काढलं नाही, तळघरात पाठवलं. जुन्या आकडेवारीच्या विभागात. आणि लिहून घेतलं, तुझ्याशी संबंध ठेवणार नाही म्हणून. वडील अंथरुणाला खिळलेले होते तेव्हा. दिलं लिहून."

"मग वाक्य?"

"पहिल्यांदा मीच घातलं होतं. तुझ्यासाठी, हे खरं. नंतर ते काढायची कोणाची छाती झाली नाही. बँकेतलं वाक्य आहे ते, एकदा बसलं की बसलं. काढलं तर तुम्ही लोक बोंब मारणार. एकदा एका नवीन माणसानं काढलं, तर कोणीतरी हजार शब्द लिहून बाजार पाडला." तो किंचित हसला. "मग गव्हर्नरनीच हुकूम काढला, याला हात लावायचा नाही."

तिला एकदम हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. एकशे चौऱ्याऐंशी निवेदनं. दमलेला दिसतोय. आशादायक. कोण दमलं होतं, कोणाला आशा वाटली होती, देव जाणे. आणि जे एक वाक्य उराशी धरून ती जगली, ते तिच्याच आरडाओरड्यानं जिवंत राहिलं होतं.

"मला कळवायचंस तरी," ती म्हणाली.

"तू बातमी केली असतीस."

"नसती केली!" ती उसळून म्हणाली. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. "केली असती," ती म्हणाली. "कदाचित."

"आणि कळवत नव्हतो असंही नाही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आकड्यातली चूक दाखवणं म्हणजे काही संबंध ठेवणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती. तळघरात सगळे जुने आकडे हाताशी. तुझा लेख आला की पडताळायचो. चूक नाही सापडली की वाईट वाटायचं, पत्र घालता यायचं नाही. वर्षाला दोनतीन सापडायच्या. साठएक कार्डं गेली असतील." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मिळायची ना?"

एक वाचक. याला घरदार नाही का.

"मिळायची," ती म्हणाली.

"शेवटी एखादं वाक्य जास्तीचं असायचं. तेवढंच."

टोपली तिच्या टेबलाच्या उजव्या पायाशी असायची, हिरवी, आणि रोज संध्याकाळी रिकामी व्हायची. हे त्याला सांगायला हवं होतं. खोटं कधी लिहिलं नाही, याचा तिला अभिमान होता. तिनं पिशवीतून शर्ट काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं तो घातला. खांद्यांवरून शर्ट ओघळला, गळ्यात मूठभर जागा उरली. आतून बहीण म्हणाली, "शोभतोस हं, गव्हर्नरच्या मागं उभा राहा आता," आणि तिघंही हसली. निघताना तो दारापर्यंत आला. या खेपेला उंबऱ्याच्या आत तो होता.

"बुधवारी येशील?" त्यानं विचारलं.

"बुधवारी निवेदन आहे," ती म्हणाली. जिभेला वळणच ते.

"हो, खरंच की," तो म्हणाला, आणि शर्टाचं वरचं बटण काढू लागला.

ती दोन पायऱ्या उतरली होती. ती वर आली. "राहू दे तो अंगात. बुधवारीच येते. सकाळीच."

"आणि निवेदन?"

"कोणी लिहिलंय तेच ठाऊक नाही. वाचायचं कशाला?"

गल्लीत गिरणी सुरू झाली होती. तिच्या घरघरीतून चालताना व्याजबाई एकेक कार्ड आठवायला लागली. निळी शाई होती. अक्षर बारीक. तिसऱ्या परिच्छेदातली बेरीज चुकली आहे. सुधारित आकडा पाहावा. आणि खाली, सहीच्या आधी, ते जास्तीचं वाक्य. काय असायचं तिथं? साठांपैकी एकच तिला आठवलं, तेही कुठल्या सालचं ते कळेना: 'बाकी लेख चांगला, खोकला बरा झाला असावा.' त्या हिवाळ्यात ती रेडिओवर बोलली होती, तेव्हा तिला खोकला झाला होता. का 'बरा झाला असावा' नव्हतं, 'बरा करून घ्यावा' होतं? ती रस्त्यात उभी राहिली. ताडून पाहायला आता कागद नव्हता.